दोष कोटाचा

मास्तरांच्या डोळ्यांत इंचपट्टी आहे असं लोक म्हणायचे, आणि लोक कमीच सांगायचे. जिन्यावर पाऊल वाजलं की मास्तर मान वर न करता बोलत, ‘छाती अडतीस, डावा खांदा पडका, आणि पँट दुसरीकडे शिवलेली आहे बिचाऱ्याची.’ एकदा म्हणे एका गिऱ्हाइकाने नुसता फोन केला, तर मास्तरांनी त्याच्या आवाजावरून गळ्याचं माप घेतलं आणि कॉलर अशी बसली की तो माणूस ती काढायलाच तयार होईना. यातलं अर्धं सोडून द्या. उरलेल्या अर्ध्यावर दुकान झकास चालत होतं.

दुकान होतं मोठ्या हॉस्पिटलच्या बरोबर समोर, औषधांच्या दुकानाच्या डोक्यावर. त्यात एकच गोष्ट शिवली जायची: डॉक्टरांचे पांढरे कोट. दांड्यांवर कोट, खुंट्यांवर कोट, छताला टांगलेले कोट. नवीन माणूस आत शिरला की आधी डोळे चोळायचा. एक पांढरी मांजर एका हिवाळ्यात दुकानात घुसली, ती सापडली तेव्हा आजी झालेली होती.

आणि मास्तरांचा टेप. तो त्यांच्या वडिलांपासूनचा. त्याच्या एका टोकाला दोन इंच कोरी पट्टी जोडलेली होती आणि दुसऱ्या टोकाचे दोन इंच कापून टाकलेले होते. पोट मोजायचं ते जोडलेल्या टोकाने, म्हणजे छत्तीसचं पोट चौतीस भरायचं. छाती मोजायची ती कापलेल्या टोकाने, म्हणजे अडतीसची छाती चाळीस व्हायची. मोठमोठे सर्जन ताठ मानेने जिना उतरत. मोठ्याने सांगायचं ते माप वेगळं आणि कापायचं ते वेगळं, ही त्या दुकानाची रीतच होती. कोट खऱ्या मापाचा व्हायचा, माणूस खोट्या मापाने खूश व्हायचा, आणि कुणाचंच नुकसान व्हायचं नाही.

नुकसान एकदाच झालं होतं, आणि ते मापात धरण्यासारखं नव्हतं. दुकान आधी मास्तरांच्या थोरल्या भावाचं, दादाचं. दादा बावन्नाव्या वर्षी गेला. भर दुपारी मोठ्या टेबलावर कापड पसरून तो खडूने बाही आखत होता. रेघ खांद्यापासून कोपरापर्यंत सरळ आली आणि तिथे थांबली. समोर एवढं मोठं हॉस्पिटल, पण रस्ता ओलांडायलासुद्धा सवड मिळाली नाही. दादाला आधी कधी काही दुखलं-खुपलं नव्हतं. शिंक आली तरी तो माफी मागायचा, इतका निरोगी माणूस.

त्यानंतर वहिनी दुकानात येऊन बसल्या. काजं आणि बटणं त्यांच्याकडे. त्यांची सुई जितकी टोकदार तितकीच जीभ, आणि दोन्हींचा नेम कधी चुकायचा नाही. घरही एकच होतं, दुकानाच्या मागच्या तीन खोल्यांचं. तिथलं राज्य मास्तरीणबाईंकडे, म्हणजे मास्तरांच्या बायकोकडे. मास्तर आता एक्कावन्न पूर्ण करून पुढच्याच्या उंबऱ्यावर उभे होते. हे घरात तिघांनाही ठाऊक होतं. कुणी बोलत नव्हतं. मास्तर मात्र हल्ली दुपारी कात्री हातात धरत नसत. विचारलं तर म्हणत, दुपारी उजेड बरोबर नसतो. भर दुपारी!

एके दिवशी मास्तर कोटांचा गठ्ठा पोचवायला हॉस्पिटलात गेले. तिथे व्हरांड्यात तपासणी शिबिर चाललं होतं. गठ्ठा जड, खुर्ची रिकामी, मास्तर टेकले. तेवढ्यात कुणीतरी त्यांची बाही वर सारली आणि दंडाला पट्टा बांधला. मास्तरांनी सवयीने आधी त्या पट्ट्याची शिवण पाहिली आणि तोंड वाकडं केलं. मग आकडा आला: वर एकशे बहात्तर, खाली एकशे चार. रक्तही घेतलं. दोन दिवसांनी हृदयाच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना बोलावून घेतलं आणि सांगितलं की रक्तदाब तर चढलेला आहेच, पण वाईट कोलेस्टेरॉलही हवं त्याच्या जवळजवळ दुप्पट आहे. घरात कुणाला हृदयाचं काही झालं होतं का, असं त्यांनी विचारलं. मास्तर म्हणाले, नाही. मग म्हणाले, भावाला. मग म्हणाले, पण तो वेगळा होता.

डॉक्टरीणबाई समजावण्यात हुशार. त्यांनी नळ, पाणी, आत साचणारा गाळ, असं सगळं सांगून पाहिलं. पण नळ हा मास्तरांचा विषय नव्हता. दाब जास्त असला की नसांच्या आतलं अस्तर खराब होतं, आणि अशा जागी कोलेस्टेरॉल जाऊन बसतं, एवढं मात्र त्यांच्या डोक्यात शिरलं, कारण अस्तर हा त्यांचा विषय होता. ते ऐकून त्यांना बरं वाटलं नाही. बरं वाटलं नाही की मास्तर वाद घालत. आपल्याला कुठे काही दुखत नाही, चक्कर नाही, धाप नाही, मग जे जाणवतच नाही ते आहे कशावरून, असं त्यांनी विचारलं.

इथे डॉक्टरीणबाईंनी एक चूक केली. त्या प्रामाणिक होत्या. त्या म्हणाल्या की एका मापावर आम्ही विसंबत नाही, पुन्हा मोजू, कारण काही माणसांचा दाब डॉक्टरांचा पांढरा कोट पाहूनच वर जातो.

मास्तर खुर्चीतून उठले. त्यांनी डॉक्टरीणबाईंच्या कोटाकडे नीट पाहिलं. तो तयार विकत घेतलेला होता. एक खांदा खाली, एक खिसा वर, कॉलर उलटी पडलेली, बटणं जांभया देत असलेली. असा कोट समोर उभा केला तर कुठल्या शिंप्याचं रक्त उकळणार नाही? तिथल्या तिथे निदान झालं. आजार मास्तरांना नव्हता, कोटाला होता.

घरी येऊन त्यांनी हे निदान मोठ्या थाटात सांगितलं. मास्तरीणबाईंनी ताटाशेजारची मिठाची बाटली उचलली आणि फडताळात ठेवली. वहिनींनी दातांनी दोरा तोडला आणि म्हणाल्या, “नाचता येईना, अंगण वाकडं.”

पण मास्तर हट्टाला पेटले होते. त्यांनी डॉक्टरीणबाईंना बोलावून मापं घेतली, कंबर मोठ्याने बत्तीस अशी सांगितली, आणि मग असा कोट शिवला की तसा त्या रस्त्यावर कुणी पाहिला नव्हता. कापड तीनदा धुऊन आटवलेलं. खांदे असे की सुरकुती पडायला जागा मिळेना म्हणून ती शेजारच्या माणसाच्या शर्टावर जाऊन पडायची. डॉक्टरीणबाईंनी तो घातला तेव्हा दोन पेशंट नुसते बघून बरे झाले, असं मास्तर पुढे सांगत. त्यांचं स्वतःचं मात्र तसं झालं नाही. नव्या कोटासमोर बसून आकडा आला एकशे सत्तर. डॉक्टरीणबाईंनी हसत कोट काढून खुंटीला लावला, त्यांना थोडा वेळ शांत बसवलं, आणि पुन्हा मोजलं. एकशे अडुसष्ट.

मास्तर म्हणाले, खुर्ची डुगडुगते.

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहून दिल्या. मास्तरांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि खालच्या औषधांच्या दुकानावरून ते असे गेले, जसं काही ते दुकान तिथे नव्हतंच.

संध्याकाळी काजं करता करता वहिनी सहज आवाजात म्हणाल्या, “भावोजी, पांढऱ्या कोटाने तुमचा दाब वाढतो ना?”

“वाढतोच. डॉक्टरच म्हणाल्या.”

“मग तुम्ही उठल्यापासून झोपेपर्यंत बसता कुठे?”

मास्तरांनी मान वर केली. दांड्यांवर, खुंट्यांवर, छताखाली, सगळीकडून पांढरे कोट त्यांच्याकडे बघत होते, रिकाम्या बाह्या खाली सोडून. हिशेब साधा होता. कोटाने दाब वाढत असेल तर तो सकाळपासून रात्रीपर्यंत वाढलेलाच असणार. आणि वाढत नसेल तर दोष कोटाचा नव्हे. दोन्ही टोकांनी मोजलं तरी माप एकच येत होतं. मास्तरांनी विचारलं, चहा झाला का.

पण शिंपी असा एका टाक्यात उसवत नाही. तडजोड अशी ठरली की घरी एक यंत्र आणायचं, घरच्या खुर्चीत घरच्या माणसांसमोर मोजायचं, आणि तिथेही दाब चढलेला निघाला तर मग बघू. यंत्र आलं. वहिनींनी ते ताब्यात घेतलं. जेवणाचं टेबल, पाठीला टेकू, पाय जमिनीवर, गप्प बसायचं. एवढ्यापैकी शेवटची अट सोडून बाकी सगळं मास्तरांना जमलं. आकडे यायचे एकशे पासष्ट, एकशे सत्तर, असेच. मास्तरांनी खुर्ची बदलली, खोली बदलली, बनियन बदलला. शेवटी त्यांचं लक्ष पट्ट्यावर गेलं.

पट्टा दंडाला चावत होता. जाड, राकट कापड, शिवण मशीनने भरकटवलेली, आणि सैलपणा नावालाही नाही. ज्या माणसाने आयुष्यभर बाहीत मूठ फिरेल एवढी जागा ठेवली, त्याच्या दंडाला ही शिक्षा! असा चावा घेतल्यावर रक्त वर नाही जाणार तर काय करणार? वहिनी एका दुपारी बाजारात गेल्या होत्या. मास्तरांनी पट्टा उसवला. आतल्या रबरी पिशवीला त्यांनी हात लावला नाही. तेवढं त्यांना कळत होतं. पण त्यांनी आतून मऊ फ्लॅनेलचं अस्तर दिलं, अस्तराखाली कापसाची पातळ गादी घातली, कडेला चांगली चार बोटं पट्टी वाढवली, आणि वरून अशी दुहेरी टीप मारली की तो पट्टा नवरदेवाच्या दंडाला बांधला असता तरी शोभला असता.

त्या संध्याकाळी मास्तर स्वतःहून खुर्चीत बसले. दोघींनाही समोर बसवलं. पट्टा दंडावर उशीसारखा सैल पडला. मास्तरांनी डोळे मिटले, चेहऱ्यावर संताची शांती आणली. यंत्र गुरगुरलं, फुगलं, थांबलं, पुन्हा फुगलं, आणि आकडा आला: दोनशे बारा.

मास्तरांनी पुन्हा बटण दाबलं. दोनशे एकोणीस.

मास्तरीणबाईंच्या हातातला चमचा खाली पडला आणि त्यांनी तो उचलला नाही. मास्तरांना एकदम जाणवलं की आपल्याला छाती आहे. आजवर ती इतरांना असायची, अडतीस किंवा चाळीस. आता ती त्यांच्या स्वतःच्या आत होती, आणि तिच्यात काहीतरी दणदणत होतं. डोळ्यांपुढे ती खडूची रेघ आली. ती कोपरापर्यंत आली आणि थांबली. मास्तरांनी बायकोकडे पाहिलं आणि त्यांना वाटलं, हिला सांगायचं राहिलं. काय सांगायचं राहिलं, ते आठवेना, पण बरंच होतं.

“चला,” वहिनी म्हणाल्या. त्यांच्या आवाजात टाचणी नव्हती. त्यांनी यंत्र पिशवीत टाकलं, एका बाजूने मास्तरांना धरलं, दुसऱ्या बाजूने मास्तरीणबाईंनी धरलं, आणि तिघांनी तो रस्ता ओलांडला जो एकदा ओलांडायचा राहून गेला होता.

डॉक्टरीणबाई संध्याकाळच्या ओपीडीत होत्या, अंगात तोच कोट. त्यांनी मास्तरांना बसवलं, छातीचा कार्डिओग्राम काढला, तो ठीक निघाला. मग थोडं थांबून आपल्या यंत्राने दाब मोजला. वर एकशे अडुसष्ट, खाली एकशे दोन.

“एकशे अडुसष्टच?” मास्तरांचा चेहरा लख्ख उजळला. “बघा! तरी मी म्हणत होतो!”

“मागच्या वेळी एवढ्याच आकड्यावरून माझ्या खुर्चीला नावं ठेवलीत, मास्तर. आता त्याच्यासाठी मिरवणूक काढणार का?” डॉक्टरीणबाईंनी पिशवीतलं यंत्र मागून घेतलं. पट्टा उलटा केला, सुलटा केला, अस्तरावर बोट फिरवलं. त्यांना हसू आवरेना. “शिवण मात्र सुरेख आहे.”

वहिनींनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी भिंतीकडे. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की पट्टा सैल असला, मध्ये गादी असली की यंत्राला जास्त जोर लावावा लागतो आणि आकडा खऱ्याहून वर जातो; त्यात माणूस घाबरला की आणखी वर. वहिनी एवढंच म्हणाल्या, “हात दाखवून अवलक्षण.” आणि बाकावर बसून त्यांनी पदरात तोंड लपवलं. मास्तरांना वाटलं त्या हसताहेत. त्या हसत नव्हत्या.

ते पाहिल्यावर मास्तरांच्या डोक्यातले उरलेसुरले वाद कुठे गेले कोण जाणे. ते हळू आवाजात म्हणाले, “बाई, दादालासुद्धा काही दुखत नव्हतं.”

“दुखत नाही म्हणूनच माणसं येत नाहीत.”

“तेव्हा कुणी मोजलं असतं, तर तो वाचला असता?”

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. “ते मी सांगू शकत नाही, आणि उगाच बरं वाटावं म्हणून सांगणारही नाही. माझी कंबर तुम्ही मोठ्याने बत्तीस म्हणालात. कापलीत किती?”

“चौतीस,” मास्तर पुटपुटले.

“म्हणून कोट बसला. तर मी तुमचंही कापायचंच माप सांगते. भाऊ लवकर गेलेला, दाब चढलेला, कोलेस्टेरॉल दुप्पट. असंच सोडून दिलं तर धोका मोठा आहे. गोळ्या घेतल्यात, मीठ-लोणी आवरलंत, चाललात, तर तो पुष्कळ खाली येतो. शून्य नाही होणार. पण पुष्कळ खाली येतो. तुमच्या हातात अजून कापड आहे, मास्तर.”

मास्तरांनी खिशातला घडी घातलेला कागद काढला. घडीवर तो फाटायला आला होता. रस्ता परत ओलांडून ते थेट औषधांच्या दुकानात शिरले. आपल्या पायाखाली इतकी वर्षं औषधांचं दुकान आहे हे त्यांना नव्यानेच कळलं असावं, अशा चेहऱ्याने.

मग घरात नवं राज्य आलं. मास्तरीणबाईंनी लोण्याचा डबा शेजारी देऊन टाकला आणि तळणीची कढई अशा जागी लपवली की पुढे ती त्यांनाही सापडली नाही. पहिल्या आठवड्यात मास्तर म्हणत की हे सूप नाही, हे भांडं विसळलेलं पाणी आहे. तिसऱ्या आठवड्यात ते एका लग्नात जेवायला गेले आणि पहिल्या घासाला ओरडले की स्वयंपाक्याने समुद्र ओतलाय. जीभ माणसाळली होती. सकाळी ते हॉस्पिटलच्या भिंतीला वळसा घालून चालायला लागले. आधी अर्धा वळसा, मग एक, आणि पुढे तर असं म्हणतात की त्यांच्या पायांनी तिथली फरशी इतकी गुळगुळीत झाली की तिच्यात बघून डॉक्टर केस विंचरायचे. विजारी ढगळ झाल्या. मास्तरांनी त्या आत घ्यायला वहिनींकडे दिल्या, कारण स्वतःची पँट उसवताना त्यांना लाज वाटायची.

सगळं सरळ नव्हतं. पहिल्या गोळीने घोटे सुजले, मास्तर म्हणाले बघा, मी सांगत होतो. डॉक्टरीणबाईंनी गोळी बदलली. एकदा दाब उतरलेला पाहून मास्तरांनी मनानेच गोळी बंद केली, कारण टाके घातल्यावर सुई कशाला लागते. दोन आठवड्यांत आकडा पुन्हा चढला, आणि वहिनी दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. ते दोन दिवस मास्तरांना इतके जड गेले की तिसऱ्या दिवशी ते गोळी घेऊन त्यांच्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी ती पाण्याशिवाय गिळली. हिवाळा सरता सरता वरचा आकडा एकशे तीसच्या खाली आला. कोलेस्टेरॉल निम्म्याजवळ उतरलं. डॉक्टरीणबाईंनी मोकळ्या मनाने कौतुक केलं, आणि गोळ्या चालूच ठेवायच्या हेही तितक्याच मोकळ्या मनाने सांगितलं.

आणि मग एक सकाळ उगवली. तिची तारीख घरात कुठे लिहिलेली नव्हती, पण मास्तरांनी ती मनात केव्हाची मोजून ठेवली होती. दादा जितकं जगला तितकं जगून मास्तर आदल्या दिवशी त्याच्या बरोबरीला आले होते, आणि आज एक दिवसाने पुढे गेले होते. सकाळभर ते कोट हातात घेत, खाली ठेवत. रस्त्यावर भाजीवाला ओरडून गेला, समोर रुग्णवाहिका येऊन थांबली आणि गेली. शेवटी वहिनींच्या मशीनपाशी स्टूल ओढून ते बसले.

“वहिनी,” ते म्हणाले, “आजपासून मी दादापेक्षा मोठा झालो.”

वहिनी सुईत दोरा ओवत होत्या. दोरा नेढ्यापाशी येऊन एकदा चुकला. त्यांच्या हातून असं कधी होत नसे. त्यांनी दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं आणि दुसऱ्यांदा तो बरोबर आरपार नेला.

“वयाने असाल,” त्या म्हणाल्या. “मानाने धाकटेच. गोळी घेतलीत का?”

“घेतली.”

“तोंड उघडा बघू.”

सगळ्या रस्त्यावर ज्यांच्या नुसत्या नजरेने सर्जन पोट आत घेत, त्या मास्तरांनी मुकाट्याने तोंड उघडून जीभ दाखवली. आत मास्तरीणबाई ताटं मांडत होत्या, आणि त्यांना हसू आलं ते बाहेरपर्यंत ऐकू आलं.